दुरंगी नीलम : खोट खड्यात की नजरेत?

आमच्या घरात वडिलांच्या वेळची एक अंगठी आहे. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात अण्णा अगदी कोवळ्या वयात, १९४५ साली, तबल्याच्या साथीला नोकरीस लागले, आणि १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ती नोकरीही संपली. त्या चार वर्षांतल्या कोणत्याशा बैठकीनंतर बिदागीबरोबर ही अंगठी मिळाली, एवढेच ते सांगत. खडा वालाच्या दाण्याएवढा. त्याचा अर्धा भाग गोकर्णीच्या फुलासारखा निळा आणि उरलेला अर्धा फिकट पिवळा. मी अण्णांचे उतारवयातले शेंडेफळ. त्यांच्या बोटात ती अंगठी मी कधी पाहिली नाही. पाहिली ती तबल्याच्या हातोडीशेजारी, एका डबीत, कापसात गुंडाळून ठेवलेली. आई ती कोणाला घालू देत नसे. नीलम म्हणजे शनीचा खडा. मानवला तर राज्य देईल, न मानवला तर असलेले घर बसवील, हा तिचा समज. आमच्या जुन्या बडोदेकर घरांतून हा समज अजूनही किती खोल आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

यंदा ताईच्या मुलीचे लग्न ठरले. अण्णांची काही तरी आठवण भाचीच्या अंगावर असावी, असे ताईच्या मनाने घेतले, आणि मी बरीच वर्षे सुरतेस गाणे शिकवीत असल्यामुळे अंगठी नव्याने घडविण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले. सुरतेसारख्या जवाहिऱ्यांच्या गावात राहणाऱ्या माणसाला यात अवघड ते काय, असे तिला वाटले. मलाही वाटले.

मी एका पेढीवर गेलो. तिथल्या गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावून खडा दोन मिनिटे पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, माल अस्सल आहे, पण रंग फाटलेला आहे. पिवळा भाग पाहा कसा मळकट दिसतो. महिनाभर ठेवून जा. भट्टीतून काढून एकसारखा निळा करून देतो. किंमत दुप्पट होईल." माणूस लबाड नव्हता, आपल्या परीने तो माझ्या हिताचेच सांगत होता. पण 'फाटलेला' हा शब्द माझ्या कानात राहिला. गाणे शिकविणाराला तो शब्द रोज वापरावा लागतो, आणि म्हणूनच तो कोणावर लावताना मी शंभरदा विचार करतो. जो आवाज मला फाटका वाटला, तो पुढे दोन सप्तकांत मोकळा फिरताना मी ऐकला आहे. अंगठी घेऊन मी तसाच परत आलो.

त्यानंतर दोन-तीन महिने मी या एका खड्याच्या पाठीमागे लागलो. पुस्तके वाचली, कारागिरांना गाठले, प्रयोगशाळेचा उंबरठा चढलो. त्यातून जे हाती लागले ते आज मांडीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की दोन रंगांच्या नीलमाला आपण जी खोट म्हणतो ती बहुतेक वेळा आपल्या नजरेची असते, आणि तिच्यापायी आपण भट्टीवाल्यांना व भीती विकणारांना, दोघांनाही, विनाकारण पोसतो.

कुरुंदाची जात

नीलम ज्या खनिजाचा असतो ते काही परके नाही. कुरुंदाचा दगड आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होता. सुऱ्या-कात्र्यांना धार लावण्याच्या चाकात त्याचीच पूड असे. इंग्रजांनी 'कोरंडम' म्हणून जे नाव उचलले तेही आपल्याकडच्या कुरुविंद, कुरुंद या शब्दांवरूनच. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांच्या संयोगाने हे खनिज बनते. कठीणपणात दहापैकी नऊ अंक त्याचे. त्याच्या वर फक्त हिरा. शुद्ध कुरुंदाला रंग नसतो. त्यात क्रोमियमचा अंश शिरला की माणिक होतो. लोह आणि टिटॅनियम हे दोन्ही एकत्र शिरले की नीलम. टिटॅनियम नसून लोहच असेल तर पिवळी झाक येते, आणि त्यालाच आपले सराफ पुष्कराज म्हणून विकतात. म्हणजे माणिक, नीलम आणि पुष्कराज ही तीन सख्खी भावंडे. आणि हा रंग आणणारा अंश तरी केवढा? शेकडा एकाच्या शंभराव्या हिश्श्याएवढे टिटॅनियम निळ्या रंगाला पुरते.

आता दोन रंग एका खड्यात कसे येतात ते पाहावे. स्फटिक एका दिवसात बनत नाही. जमिनीच्या पोटात, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली, तो थरावर थर चढवीत वाढतो. सिलोनच्या डोंगरांतल्या ज्या खडकांत नीलम जन्माला आले ते सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी तापून-दडपून पालटलेले आहेत. एवढ्या दीर्घ वाढीत भोवतालचे द्रव्य नेहमी एकसारखे राहात नाही. काही काळ लोहाबरोबर टिटॅनियमही मिळत राहिले, तोवर चढलेले थर निळे. पुढे टिटॅनियमचा पुरवठा आटला, तेव्हापासूनचे थर पिवळे. पुन्हा तो सुरू झाला तर पुन्हा निळे. कुरुंदाचा स्फटिक षट्कोनी बांधणीचा असल्यामुळे हे रंगांचे पट्टेही सरळ रेषेत आणि कोनात वळणारे असतात. दुरंगी खडा म्हणजे अशा सांध्यावरचा तुकडा. झाडाच्या खोडात पावसाळ्याची आणि दुष्काळाची वर्षे कड्यांच्या रूपाने उमटलेली असतात, तसाच हा प्रकार आहे. त्याला खोट म्हणावयाचे तर झाडाच्या कड्यांनाही म्हणावे लागेल.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. पुष्कळ नीलम एका बाजूने पाहिले तर गडद निळे आणि दुसऱ्या बाजूने हिरवट दिसतात. तो प्रकाशाच्या वाटेचा खेळ असून कुरुंदाचा जातिधर्म आहे. काही खडे दिवसाउजेडी निळे आणि दिव्याखाली जांभळे दिसतात. तो तिसराच प्रकार. दुरंगी नीलम तो, ज्याच्यात दोन रंग एकाच वेळी, एकाच उजेडात, आपापल्या जागी शेजारी शेजारी उभे असतात.

असे खडे सिलोनात रत्नपुराच्या आसपासच्या वाळूत सापडतात, मादागास्करात सापडतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात अनाकी व रूबीवेल या गावांभोवती तर विपुल सापडतात. तिथले नीलम जमिनीच्या फार खोल भागातून ज्वालामुखीच्या लाव्ह्याबरोबर वर आलेले. त्यांत लोह जास्त, म्हणून निळा, हिरवा आणि पिवळा अशी सरमिसळ दिसते. एके काळी हा माल हलका समजला जाई. आज तिकडची तरुण मंडळी साखरपुड्याच्या अंगठीसाठी मुद्दाम दुरंगी खडा मागतात, कारण तसा दुसरा खडा जगात मिळत नाही. ज्या काश्मिरी नीलमाचे नाव घेतल्यावर जवाहिरे हात जोडतात, तो १८८१ च्या सुमारास पाडर भागात साडेचार हजार मीटर उंचीवर कडा कोसळल्यामुळे उघडा पडला आणि सात-आठ वर्षांत मुख्य साठा संपतही आला. त्या काश्मिरी खड्यांतही निळ्याशेजारी रंगहीन पट्टे पुष्कळदा असतात. तेव्हा एकजिनसी रंग हीच अस्सलपणाची खूण, हा समज मुळातच खरा नाही. उलट काचेचे आणि कारखान्यातले खडेच बहुधा एकजिनसी असतात.

सुरतेची नजर

मग सुरतेच्या त्या अनुभवी गृहस्थांना हा खडा फाटका का वाटला? याचे कारण मला या गावाच्या धंद्यात दिसते. सुरतेचे नाव काढले की आपणा मराठी माणसांना १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. येथले जवाहीर आपले पूर्वज कसे घेऊन गेले हे आपण अभिमानाने सांगतो, आणि आज त्यांचेच वंशज आपण पेढीवर बसून किमतीत दहा रुपये कमी करा म्हणून विनवतो. त्या काळी सुरत हे मोगलांचे मुख्य बंदर होते. तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात अनेकदा येथे उतरला. रंगीत खडे पूर्वेकडे पेगू आणि सिलोन या दोनच ठिकाणी निघतात, असे त्याने नमूद केले आहे. म्हणजे त्या वेळी निळ्या-तांबड्या मालाचीही या बंदराला ओळख होती.

आजची सुरत मात्र हिऱ्याची. जगात पैलू पडणाऱ्या दहा हिऱ्यांपैकी आठ-नऊ या गावातून जातात. महिधरपुऱ्याच्या गल्लीत दुपारी जाऊन पाहावे. दलाल रस्त्यात उभे राहून कागदाच्या पुड्या उघडतात आणि लाखांचा माल तळहातावर फिरतो. २०२३ च्या डिसेंबरात शहराबाहेर खजोद येथे चार हजारांहून अधिक कचेऱ्यांचे हिराभवन उभे राहिले. रंगीत खड्यांचे काम जयपुराकडे गेले, अकीक खंभातेस राहिला, आणि येथल्या घंटीवर हिरा बसला.

हिऱ्याची प्रतवारी करण्याची रीत अशी, की रंग जितका कमी तितकी किंमत जास्त. इंग्रजी मुळाक्षरांतल्या 'डी' पासून 'झेड' पर्यंत पायऱ्या आहेत; 'डी' म्हणजे पाण्यासारखा निर्मळ, आणि पुढे पिवळटपणाची एकेक पायरी चढली की किंमत घसरते. पिढ्यान्पिढ्या अशा कसोटीवर घडलेल्या नजरेला खड्यात अर्धा पिवळा भाग दिसला, तर ती त्याला डाग म्हणणार. त्या नजरेचा तिच्या क्षेत्रात मी आदरच करतो. ख्यालाच्या कसोटीने ठुमरी तोलणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यांना गाणे कळत नव्हते असे नाही. माप चुकीचे उचलले होते, एवढेच.

आमच्या गाण्यात जोडराग म्हणून प्रकार आहे. बसंत-बहार घ्या. बसंताचा ऋषभ कोमल, बहाराचा शुद्ध; दोघांचा स्वभाव वेगळा, चाल वेगळी. विद्यार्थी नवखा असला की दोन्हींची खिचडी करतो, आणि मग ऐकणारा म्हणतो की राग बिघडला. पण जाणकार गवई जेव्हा एकातून दुसऱ्यात जातो, तेव्हा ऐकणाऱ्याचे लक्ष त्या सांध्यावर असते. दोन्ही राग आपापल्या जागी निखळ आहेत का आणि सांधा नेटका आहे का, एवढेच पाहावयाचे. त्याने दोन्ही वेळ बसंतच का गायला नाही, असे कोणी विचारीत नाही. दुरंगी नीलमाची परीक्षाही मला अशीच दिसते. दोन्ही रंग स्वच्छ आहेत का, मधली रेषा स्पष्ट आहे का, खडा आतून पारदर्शक आहे का, आणि कापणाऱ्याने ती रेषा जागेवर ठेवली आहे का, हे चार प्रश्न विचारावेत.

भट्टी आणि तिचे नियम

भट्टीचा पर्याय सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही. बाजारातले बहुसंख्य नीलम तापविलेलेच असतात. सिलोनात 'गेउडा' नावाचा दुधाळ, जवळजवळ टाकाऊ समजला जाणारा खडा निघे. १९७० नंतरच्या दशकात थायलंडच्या कारागिरांनी तो दीड हजार अंशांहून अधिक उष्णतेत तापवून निळाभोर करून दाखविला. खड्याच्या आत रेशमासारख्या बारीक सुया असतात. उष्णतेने त्या विरघळतात, त्यांतले टिटॅनियम खड्यात मुरते आणि निळा रंग गडद होतो. त्यामुळे मध्यम स्थितीच्या माणसालाही नीलम घेता आला, हा त्याचा फायदाच. विकणाऱ्याने 'तापविलेला' म्हणून सांगितले आणि त्याप्रमाणे किंमत लावली, तर त्यात आक्षेपार्ह काही नाही.

आक्षेप आहे तो दोन ठिकाणी. पहिला असा, की जे मुळात पुरे आहे ते भट्टीत घालण्याचे कारण काय? दुरंगी खडा तापविल्यावर नेमके काय होईल याची हमी कोणी देत नाही. निळा आणखी काळवंडेल, पिवळा उडून जाईल, किंवा आतल्या बारीक भेगेवर खडा तडकेल. आणि न तापविलेल्या खड्याचे जे मोल आज जाणकार देतात ते तर एका रात्रीत जाते. ते परत आणणारी भट्टी अजून निघाली नाही.

या बाबतीत आपले जुने ग्रंथकार आश्चर्य वाटावे इतके सावध होते. गरुडपुराणात इंद्रनीलाच्या परीक्षेचा अध्याय आहे. त्यात स्पष्ट बजावले आहे, की परीक्षेसाठी अथवा गुण वाढविण्यासाठी कोणतेही रत्न अग्नीत घालू नये. अग्नीचे प्रमाण न कळल्यामुळे दाहाचा दोष लागलेले रत्न बाळगणाऱ्याला, तापविणाऱ्याला आणि तापवून घेणाऱ्याला, तिघांनाही अनर्थकारक होते. यातला फलश्रुतीचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की गुण वाढविण्यासाठी खडे तापविण्याचा उद्योग त्या काळीही चालत होता, आणि तापवून घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही त्या ग्रंथकाराने जबाबदारीतून मोकळे सोडलेले नाही.

दुसरा आक्षेप न सांगता विकण्यावर. आता नुसत्या उष्णतेवर काम थांबत नाही. टिटॅनियमच्या भुकटीत खडा पुरून तापविला की वरच्या पातळ थरात निळा रंग चढतो. पुन्हा पैलू घासला की खालचा फिका खडा उघडा पडतो. २००१-०२ च्या सुमारास बेरिलियम घालून तापविलेले खडे जगभरच्या प्रयोगशाळांनी पकडले; त्यांतला पिवळा आणि नारिंगी रंग आतपर्यंत मुरलेला असल्यामुळे साध्या भिंगाने कळत नाही. काही खड्यांच्या भेगांत निळी काच भरतात. काही वेळा दोन तुकडे चिकटवून जोडखडा करतात. आणि ज्वाळेत वितळवून कुरुंद बनविण्याची व्हर्न्यूईची युक्ती तर १९०२ पासून जगाला माहीत आहे. या सर्वांना बाजारात गिऱ्हाईक मिळते, कारण दुरंगी खड्याभोवती आपण एक गूढ उभे केले आहे.

पीतांबरीचे भय

जवाहिऱ्यांच्या भाषेत निळ्या-पिवळ्या खड्याला पीतांबरी नीलम म्हणतात. निळ्यात तांबूस झाक असली तर रक्तांबरी. पीतांबरी हा शब्द जरा मनात घोळवून पाहावा. निळासावळा देव आणि त्याच्या कमरेचा पिवळा पीतांबर. ज्या कोणी हे नाव पहिल्यांदा ठेवले त्याला त्या खड्यात खोट दिसली नसावी, ध्यान दिसले असावे. त्या नावातली दृष्टी आज हरवली आहे आणि उरला आहे तो हिशेब. निळा शनीचा, पिवळा गुरूचा, म्हणून एकाच खड्यात दोन ग्रहांचे काम होते, असे सांगून साडेसातीला घाबरलेल्या माणसाला हा खडा विकला जातो.

आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. मुलाची नोकरी गेली, घरात आजारपण आले, आणि कोणी तरी पीतांबरी घालण्यास सुचविले. त्यांनी भविष्यनिधीतली रक्कम काढून खडा घेतला, शास्त्राप्रमाणे तीन रात्री उशाखाली ठेवला, स्वप्ने चांगली पडली म्हणून शनिवारी बोटात घातला. वर्षभराने अंगठीचा वेढ सैल करण्यासाठी दिली तेव्हा कारागिराला शंका आली. प्रयोगशाळेतून कागद आला, की खड्याचा पिवळा रंग बेरिलियमने चढविलेला आहे. पावतीवर फक्त 'एक नग खडा' एवढेच लिहिले होते, त्यामुळे दाद मागावयास जागाच नव्हती. त्या गृहस्थांना पैशाचे दुःख झाले, पण त्याहून मोठे दुःख निराळे होते. "वर्षभर मी त्याला रोज नमस्कार करीत होतो," असे ते मला म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

ग्रहांवर श्रद्धा ठेवावी की नाही हा वाद मी येथे घालीत नाही. आमच्या आईचीही श्रद्धा होती. पण आईने त्या श्रद्धेपोटी एक अंगठी डबीत ठेवून दिली, एवढेच. कोणाची पुंजी गेली नाही. श्रद्धावंत माणसालाच खडा खरा आहे की नाही याची अधिक काळजी असावयास हवी. प्रत्यक्षात मात्र उलटे दिसते. भाजी घेताना चार वांगी दाबून पाहणारे आपण, खड्याच्या बाबतीत विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे समजतो.

म्हणून सुज्ञ वाचकांना विनंती आहे, की रंगीत खडा घेताना तीन गोष्टी विचाराव्यात, आणि त्यांची उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. खडा खाणीतला आहे की कारखान्यातला? तापविलेला आहे काय? रंग चढविण्यासाठी किंवा भेगा भरण्यासाठी त्यात बाहेरचे काही घातले आहे काय? घरच्या घरी थोडी चाचणीही करता येते. मोकळा खडा पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या काचेच्या पेल्यात पाण्याखाली ठेवावा आणि बाजूने उजेड सोडून पाहावे. निसर्गाचे पट्टे सरळ आणि कोनात वळणारे असतात. ज्वाळेत बनविलेल्या खड्यातल्या रेषा वक्र असतात. वरवर रंग चढविलेल्या खड्यात पैलूंच्या कडा अधिक गडद दिसतात. जोडखड्यात चिकटविल्याची पातळी आणि बुडबुडे दिसू शकतात. यावर शेवटचा निकाल मात्र देऊ नये. तो अधिकार प्रयोगशाळेचा. आणि सुरतेत प्रयोगशाळांची वाण नाही. बारीकशा हिऱ्यासाठी आग्रहाने प्रमाणपत्र मागणारे गिऱ्हाईक नीलमासाठी ते का मागत नाही, हे मला उमगलेले नाही.

कोंदण उघडल्यावर

आता आमच्या अंगठीचे पुढे काय झाले ते सांगतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे वडील रत्नकलाकार आहेत. सुरतेत हिरा घासणाऱ्याला हे सुंदर नाव आहे. मूळचे सौराष्ट्राकडचे, तीस वर्षे घंटीवर बसलेले. हिऱ्याचे 'तळियुं' म्हणजे खालचा भाग आणि 'मथाळुं' म्हणजे वरचा, असे ते मला शिकवीत होते. त्यांनी आधीच सांगून टाकले, की नीलम हे त्यांचे काम नव्हे. हिऱ्यात प्रकाश जसा वळतो तसा नीलमात वळत नाही, त्यामुळे तळाचे कोन निराळे ठेवावे लागतात, आणि हिऱ्याची सवय असलेल्या हाताने ते चुकू शकतात. आपल्या कामाची हद्द इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटला. त्यांच्या ओळखीच्या जडाऊ काम करणाऱ्या वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलो.

त्या वृद्धांनी पहिल्यांदा कोंदण उघडले. जुन्या पद्धतीचे बंद कोंदण होते, आणि खड्याखाली चकाकी वाढविण्यासाठी चांदीच्या वर्खाचा डाक बसविलेला होता. तो डाक पाऊणशे वर्षांत काळा ठिक्कर पडला होता. निळ्या भागाखाली तो काळेपणा लपला, पण फिकट पिवळ्या भागातून आरपार दिसत होता. खडा धुऊन त्यांनी खिडकीपाशी धरला मात्र, आणि पिवळा भाग उन्हात ठेवलेल्या मधासारखा उजळला. पेढीवरच्या गृहस्थांना जो मळकटपणा दिसला होता, तो खड्याचा नव्हताच.

मग त्यांनी खडा उलटा करून मला एक गोष्ट दाखविली. सिलोनचे कारागीर दुरंगी माल कापताना बहुधा निळा ठिपका अगदी तळाच्या टोकाशी ठेवतात. त्यामुळे वरून पाहिल्यावर सारा खडा निळा भासतो आणि वजनही वाचते. आमच्या खड्यात मात्र रेषा बरोबर मध्यावर, वरच्या सपाट पैलूला काटकोनात उतरलेली होती. "हे चुकून होत नाही," वृद्ध म्हणाले. "असा कापायचा तर एका बाजूचा बराच माल घालवावा लागतो. ज्याने कापला, त्याने दोन्ही रंग दिसावेत म्हणूनच कापला आहे." तो अनाम कारागीर कोण, कोणत्या काळातला, मला कळणे शक्य नाही. पण त्याने वजनाचा तोटा सोसून जी रेषा मध्यावर ठेवली, ती मी महिनाभराच्या भट्टीत पुसून टाकणार होतो, या विचाराने मी चांगलाच वरमलो.

प्रयोगशाळेचा कागद आठवड्याने आला. नैसर्गिक कुरुंद; निळा-पिवळा दुरंगी; तापविल्याची खूण नाही.

घडणीच्या बाबतीत जे शिकलो तेही सांगून ठेवतो. दुरंगी खड्याला बंद कोंदण आणि डाक नको. खालून मोकळी बैठक हवी, म्हणजे दोन्ही रंगांना उजेड मिळतो. लांबट चौकोनी किंवा चौरस-गोलट घाट त्याला शोभतो, कारण रेषा सरळ दिसते. सोने पिवळे असेल तर निळा भाग उठून दिसतो, पांढऱ्या धातूत पिवळा भाग उठतो. कुड्यांच्या जोडासाठी मात्र असा खडा शोधू नये. जोडीला जोड मिळत नाही, आणि मिळालाच तर दोनदा तपासून घ्यावा. अंगठी किंवा गळ्यातले पदक हीच त्याची जागा. नीलम रोजच्या वापराला टिकतो. पण हिऱ्याच्या दागिन्याबरोबर एका डबीत टाकला तर ओरखडे पडतात. आणि दुरुस्तीच्या वेळी खडा अंगठीतून काढल्याखेरीज सोनाराला डाग देऊ देऊ नये, कारण ज्वाळेखाली टाकणखार कुरुंदाचेही पृष्ठ खातो.

राहिला प्रश्न शनीचा. ताईच्या व्याह्यांकडे कोणी तरी कुजबुज केलीच, की लग्नात नीलम कशाला. ताई घाबरली आणि मला म्हणाली की राहू दे, त्याऐवजी मोत्याची अंगठी करू. भाचीला मी बोलावून घेतले आणि खडा तिच्या तळहातावर ठेवला. ती बराच वेळ पाहात राहिली आणि म्हणाली, "मामा, आजोबांनी ही घातली नाही, आजीने घातली नाही. मग ती अण्णांना दिली तरी कशाला होती?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अंगठी तीच घालणार आहे. तिच्या सासूबाईंनीही खडा पाहिला, पीतांबरी हे नाव ऐकले, आणि हात जोडले.

सराफ बंधूंना शेवटी एवढेच सांगणे आहे, की ज्या खड्यात दोन रंग आहेत तो गिऱ्हाइकाला तसाच दाखवावा आणि त्याचे खरे वर्णन पावतीवर लिहावे. भट्टीची घाई करू नये. आधी कोंदण उघडून पाहावे. काळा पडलेला तो डाक मी टाकून दिला नाही. तबल्याच्या हातोडीच्या डबीत, अंगठीच्या जागी, तो आता ठेवला आहे.